आमच्या वर्गात जात नव्हती म्हणे!

दोस्तहो,

आमच्या एसएससीच्या बॅचचा स्नेहमेळावा भरतोय. १९८४ची बॅच. शाळा कर्जत-खालापूर पट्ट्यातली. शाळेचं नाव लिहीत नाही. एका शाळेचं नाव लिहिलं की बाकीच्या निर्दोष सुटतात, आणि मला कुणालाच सोडायचं नाही. मेळाव्याची स्मरणिका निघणार आहे. प्रत्येकाकडून आठवण मागवलीय. मागणीच्या पत्रातच वर छापून टाकलंय : ‘आपल्या वर्गात कधी जातपात नव्हती. आपण सारे एका कुटुंबासारखे वाढलो.’ त्याखाली ज्यानं त्यानं आपली आठवण लिहायची. म्हणजे निकाल आधी आणि साक्षी मागाहून.

मी त्या वाक्याखाली सही करणार नाही. का करणार नाही ते इथं लिहितोय, आपल्या पानांवर. कारण हे वाक्य एकट्या आमच्या बॅचचं नाही. तुमच्यातले कुणी कॉलेजात आहेत, कुणी शाळा सोडून चार वर्षं झालीत. उद्या तुमच्याही हातात असाच कागद येईल. वर तेच वाक्य असेल. तेव्हा खाली काय लिहायचं ते आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

पहिला सवाल साधा आहे. कुटुंब म्हणता ना? मग माणसं मोजा.

पाचवीत आमच्या तीन तुकड्या होत्या. दहावीत दोन उरल्या. एक अख्खी तुकडी कुठं गेली? कुटुंबातली एवढी पोरं नाहीशी होतात आणि कुटुंबाला पत्ता नसतो, हे कसलं कुटुंब? त्यांना स्मरणिकेची पत्रं गेलेली नाहीत. त्यांचे पत्ते नाहीत म्हणे. पत्ते नसायला काय झालं? स्टेशनवर हमाली करणारा आहे. फार्महाऊसच्या गेटवर बसणारा आहे. बाजाराच्या दिवशी खेकडे, करवंदं, रानभाज्या घेऊन बसणारी आहे. मेळाव्याला गाड्या जातील त्या तिच्या टोपलीवर धूळ उडवतच जातील. पत्ता शोधायला लांब जायला नको, नुसतं गाडीची काच खाली करायची गरज आहे.

ती तुकडी कशी गेली ते मी बघितलंय. सांगतो.

आमच्या वर्गात कातकरी वाडीवरची पोरं होती, ठाकरवाडीवरची होती. दिवाळीची सुटी लागायची. सुटी संपून शाळा उघडायची तेव्हा त्यांची बाकं रिकामी. वाड्या ओस. सगळी घरं वीटभट्टीवर, नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा तेव्हा शेठकडनं उचल घेतलेली असायची. ती फेडायला दिवाळीनंतर बायकापोरांसकट जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. म्हणजे दुसरं सत्र भट्टीवर, परीक्षा भट्टीवर. गुरुजी हजेरी घ्यायचे. नाव पुकारायचं, कुणीतरी मागून ओरडायचं, ‘भट्टीला गेलाय!’ वर्ग हसायचा. गुरुजी फुली मारायचे. थोड्या दिवसांनी फुली मारायचाही त्रास नको म्हणून लाल शाईनं नाव कमी. दोस्तहो, वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. आम्ही पाचवीत गेलो १९७८ साली. उचलीवर बांधलेल्या बापाचं पोर त्या वर्गात बसत होतं, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मूलभूत हक्क पाठ करत होतो.

हे मोजमाप बाबासाहेबांनी आपल्याला शिकवून ठेवलंय. १२ मार्च १९२७. मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चाललेली. बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांनी आकडा मांडला : प्राथमिक शाळेत शंभर पोरं जातात त्यातली अठराच चौथीला पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार सांगत होतं, शाळा वाढतायत, पोरं वाढतायत. बाबासाहेबांनी अठरांची पाठ थोपटली नाही. ब्याऐंशींचा हिशोब मागितला. आणि त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला जाऊन चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. वर्गातलं गळणं आणि तळ्यावरचं अडवणं या त्यांच्या लेखी दोन लढाया नव्हत्या. एकाच महिन्यातलं एकच काम होतं.

आणि स्नेहमेळावा? स्नेहमेळावा अठरांचा असतो. अठरांनी जमून एकमेकांना हार घालायचे आणि म्हणायचं, आम्ही सगळे एकत्र वाढलो. ब्याऐंशी त्या फोटोत नाहीत म्हणून फोटो एवढा हसरा येतो.

आता दुसरा सवाल. जे अठरा उरले, त्यांच्यात तरी जात नव्हती का?

आठवण मागताय ना, घ्या. जूनमध्ये शाळा उघडली की एक तास यायचा. क्लार्क कागदांची चळत घेऊन दारात. सर म्हणायचे, ‘बी.सी. मुलांनी उभं राहा.’ आम्ही उभे. पन्नास-साठ डोळे आमच्यावर. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला त्या क्षणी ठाऊक झालं. फीमाफी ई.बी.सी.वाल्यांनाही होती. पण तो फॉर्म ज्याचा त्याचा बाप ऑफिसात गुपचूप देऊन जायचा. उभं कुणाला केलं नाही. सरकारनं दोघांनाही दिलं. एकाला ती सवलत झाली, दुसऱ्याला ती जात झाली. मधल्या सुटीत पाठीमागून आवाज, ‘सरकारचे जावई चालले.’ जावई! माझा बाप रेल्वेच्या खडीवर राबत होता. ज्या बोरघाटाच्या रेल्वेचा १८६३ सालापासून एवढा डंका वाजतो, तो घाट फोडताना हजारो मजूर मेले. त्यांची जात कुणी लिहून ठेवली नाही. त्यांच्या नातवंडांना फीचे चार रुपये माफ झाले तर त्याची जात वर्गात पुकारून सांगितली.

आणखी घ्या. पाण्याचे माठ पडवीत. ओगराळं शिपायाच्या हातात. बाकीची पोरं ओगराळं हातात घेऊन प्यायची, आमच्या ओंजळीत वरून पडायचं. नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला होता तो उलटा. अस्पृश्यतेचा कायदा १९५५चा, आणि १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण असं भारदस्त नाव मिळालेलं. पण ओगराळ्याला कायदा वाचता येत नव्हता.

आणि मैत्री? होती ना. मैत्री खरी होती. नदीत एकत्र डुंबलो, आंब्यांवर एकत्र दगड मारले. गणितात अडलं की माझी वही वर्गभर फिरायची. पण मैत्रीला हद्द होती आणि ती हद्द घराच्या बांधणीतच घालून ठेवलेली. आपल्याकडची घरं आठवा. अंगण, ओटी, पडवी, माजघर, मग स्वयंपाकघर. बाकावर आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. त्याच दोस्ताच्या घरी गेलो तर ओटीपर्यंत. तिथं चहा यायचा. कप माझा वेगळा, आणि तो पिऊन झाला की मीच विसळून उपडा घालायचा. माझा दोस्त तेव्हा खाली बघायचा. आज तोच लिहितोय, ‘जातपात नव्हती.’ तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याला ओटी दिसलीच नाही कधी, कारण तो रोज ती ओलांडून आत जात होता. उंबरठा कळतो तो अडवला जातो त्यालाच.

कुणी म्हणेल, पोरंच होतात तुम्ही, तुम्हाला काय कळत होतं? आम्हाला सगळं कळत होतं. न कळण्याची चैन आम्हाला परवडण्यासारखी नव्हती. ‘मला माझ्या दोस्ताची जात पंचविशीपर्यंत माहीत नव्हती’ असं जो अभिमानानं सांगतो, त्याला विचारा, त्या दोस्ताला तुझी माहीत होती का? त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. माहीत नसतं तर तो तुझ्या माजघरात घुसला असता आणि मार खाऊन बाहेर आला असता.

भाषेचं घ्या. आम्ही ‘नाय’ म्हणायचो. बाई फळ्याजवळ उभं करून वदवून घ्यायच्या, ‘नाही म्हण, ना-ही.’ वर्ग हसायचा. आगऱ्याची पोरं, कुणब्याची पोरंही घरी ‘नाय’च म्हणायची, पण आमच्यावर हसताना त्यांचंही ‘नाही’ व्हायचं. हे लक्षात ठेवा. व्यवस्था नुसती वरून खाली मारत नाही, ती मधल्याला हसायला शिकवते. त्या हसण्यात मधल्याला वाटतं आपण वरच्यातले झालो. दहावीनंतर त्यातला कुणी वरच्यात गेला नाही. बँकेत, कोर्टात, तालुका कचेरीत त्याच्याही ‘नाय’वर लोक हसलेच.

सहल निघायची ती माथेरानला. आमच्या तालुक्यातच, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंढाण्याची बुद्धलेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला चैत्य. तिथं आम्हाला कुणी नेलं नाही. माथेरानचे भाई कोतवाल आम्हाला दरवर्षी २ जानेवारीला भेटायचे, सिद्धगडावर १९४३ साली गोळ्या खाऊन पडलेले हुतात्मा म्हणून. भाषण ठोकून बक्षीस मिळायचं. पण हा न्हाव्याच्या घरचा पोरगा वकील झाला, गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, हे भाषणात नसायचं. मेलेला हुतात्मा वर्गात चालतो. शाळा काढणारा जिवंत माणूस सांगितला तर पोरं विचारतील, मग आमच्या वाडीत शाळा का नाही?

जिल्ह्याच्या नावाचं तर विसरूच नका. पाचवीत आम्ही कुलाबा जिल्ह्यात होतो. १ जानेवारी १९८१ला कुलाब्याचं रायगड झालं. आम्ही सातवीत. भूगोलाच्या वहीत कुलाबा खोडलं, रायगड लिहिलं, झालं. कुणाचं घर जळलं नाही, कुणाचा हात तुटला नाही. चांगलंच झालं, नाव आम्हालाही आवडलं. पण त्याच वर्षांत मराठवाड्यात काय चाललं होतं? २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली, आणि तेव्हाही नामांतर नव्हे, नामविस्तार. आमच्या वस्तीत रेडिओभोवती माणसं गोळा होऊन बातम्या ऐकायची. शाळेत त्यावर एक अक्षर नाही. वर्गातली अर्धी पोरं ज्या बातमीनं रात्री झोपली नव्हती, ती बातमी उरलेल्या अर्ध्यांच्या घरात शिरलीच नव्हती. एका वर्गात दोन देश बसत होते. त्याला तुम्ही एक कुटुंब म्हणता.

हे आमच्यापासून सुरू झालं असंही समजू नका. महाडच्या परिषदेची बांधणी करणारे रामचंद्र बाबाजी मोरे. लहानपणी स्कॉलरशिप मिळवलेला हा हुशार पोरगा. महाडच्या इंग्रजी शाळेनं त्याला घ्यायचं नाकारलं. पोरगं रडत घरी बसलं नाही. त्यानं वर्तमानपत्राला लिहिलं. बोभाटा झाला तेव्हा शाळेनं दार उघडलं, पण बसवलं वर्गाच्या बाहेर. मोठा झाल्यावर त्याच पोरानं महाडला माणसं जमवली. त्या शाळेच्या त्या वर्षीच्या बॅचनं स्मरणिका काढली असती तर काय लिहिलं असतं? ‘आमच्या वर्गात जातपात नव्हती.’ एका अर्थी खरंच. जात वर्गाबाहेर बसवली होती.

तेव्हा मोऱ्यांनी जे केलं ते आपलं वळण आहे. लिहिणं. बोभाटा करणं. आपली ही शाईनं माखलेली पानं त्याच जातीची.

आता म्हणतील, ‘चाळीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरता? कटुता येते.’ वा रे वा! चाळीस वर्षांपूर्वीची चिंचा-बोरं उकरली की ती आठवण, ओगराळं उकरलं की ती कटुता. आम्ही कटुता आणत नाही. ती होती, आम्ही तिला नाव देतो.

आणि हे जुनं झालंय का? चला, दहावीच्या फोटोतली माणसं आज कुठं आहेत ते बघू. मेळाव्यात प्रत्येकजण एकमेकाला विचारणार, ‘काय करतोस हल्ली?’ त्याचं उत्तर मार्कांत नाही, सातबाऱ्यात आहे. १ एप्रिल १९५७ला कुळकायद्यानं कसणारी कुळं मालक झाली. आगरी, कुणबी, मराठ्यांच्या बापांची नावं सातबाऱ्यावर चढली. न्यायच झाला, खोतांच्या छातीवर पाय देऊन झाला, आणि खोती मोडण्याचं बिल १९३७ साली बाबासाहेबांनीच मांडलं होतं हे त्या पोरांना कुणी सांगितलं नाही. आमची महारकीची वतनं १९५८च्या कायद्यानं गेली, १ ऑगस्ट १९५९पासून. वतन गेलं हे बरंच झालं, ती गुलामीच होती. पण जमीन परत मिळाली ती सारा भरून आणि नव्या शर्तीनं. परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि कातकऱ्याकडं? त्याच्या झोपडीखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. पिढ्यान् पिढ्या राहतोय तिथं तो पाहुणा.

मग मुंबईची माणसं हवा खायला आली. २००२ साली एक्सप्रेस-वे पुरा झाला. कर्जत-खालापुरात गुंठ्याला भाव आला. ज्याच्या बापाचं नाव सातबाऱ्यावर होतं तो दहावी नापास झाला तरी गुंठे विकून गाडीत बसला. त्यालाही मी हसत नाही. त्याचीही जमीन गेलीच, पैसाही बऱ्याचदा उडाला. पण ज्याच्या वाडीभोवती नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं, तो वर्गातला हुशार पोरगा त्याच कुंपणाचा वॉचमन झाला. एकाच बाकावरची दोन पोरं. एक मालाचा धनी, एक राखणदार. आणि दोघांच्या मध्ये काय होतं? मेहनत? नशीब? दोघांच्या मध्ये एक कागद होता.

कागदावरून आठवलं. सगळ्यात मोठी थट्टा जातीच्या दाखल्याची. वर्गात जात नव्हती म्हणता, मग सरकार जातीचा पुरावा मागायला शाळेतच कसं पाठवतं? अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा लागतो. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. त्यात धरला जाणारा मोठा पुरावा म्हणजे बापाचा, आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला. आता विचार करा. ज्याच्या आज्याला शाळेच्या पायरीवर उभं केलं नाही, त्याच्याकडं आज्याच्या शाळेचा दाखला मागतात. शाळेत घेतलं नाही याचा पुरावा म्हणून शाळेचा कागद आणा! कातकऱ्याचं पोर तिथंच अडतं. दाखला नाही, म्हणून स्कॉलरशिप नाही, म्हणून वसतिगृह नाही, म्हणून पुन्हा भट्टी.

आपलंही काही वेगळं नव्हतं. १९५६ला बापानं दीक्षा घेतली. रजिस्टरात कुणाचं ‘हिंदू महार’ राहिलं, कुणाचं ‘नवबौद्ध’ झालं. राज्यानं १९६०च्या सुमारास नवबौद्धांच्या सवलती मान्य केल्या, पण केंद्राला बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीचा मानायला १९९० साल लागलं. आम्ही दहावी होऊन सहा वर्षं झाली होती. धर्माचा रकाना बदलला म्हणून रेल्वेतली, पोस्टातली नोकरी हुकलेली माणसं आमच्या वस्तीत आहेत. ती कुठल्या स्मरणिकेत येणार?

चांगली माणसं नव्हती का? होती. एक गुरुजी होते. जानवं घालणारे. संध्याकाळी कंदील घेऊन आमच्या वस्तीत यायचे, पोरं गोळा करायचे, बापांना दम द्यायचे, ‘पोराला कामाला लावलंस तर याद राख.’ खोपोलीचं वीजघर १९१५ सालापासून मुंबईला वीज पुरवतंय, आणि आमची वस्ती तेव्हाही चिमणीवर होती. त्या चिमणीच्या उजेडात गुरुजींनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. त्यांना माझा मनापासून जयभीम. पण दोस्तहो, एका भल्या माणसाच्या कंदिलाचं नाव सांगून अख्ख्या अंधाराला माफी मागता येत नाही. ते गुरुजी यायचे याचाच अर्थ शाळा येत नव्हती.

आता थोडं आपल्या माणसांविषयी, कारण सवर्णांना शिव्या घालून पानं भरणं सोपं आहे.

आमच्याच बाकावरचा आमचाच एकजण आज साहेब आहे. मेळाव्याला त्यानं घसघशीत वर्गणी दिलीय. त्याची आठवण लिहून तयार आहे म्हणे : ‘मला शाळेत कधी जात जाणवली नाही.’ मी त्याला विचारलं, ‘तू उभा राहायचास ना रे फॉर्मला?’ तो म्हणाला, ‘जाऊ दे ना दादा, आता कशाला? आता ते आपल्याला आत घेतायत.’ ऐकलंत? आत घेतायत! म्हणजे ओटी अजून आहे, फक्त आत जायचा दर बदललाय. पूर्वी कप विसळायचा होता, आता तोंड मिटायचंय. रोख पैसे ही मेळाव्याची वर्गणी नाही. खरी वर्गणी ही आहे.

१९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना अस्पृश्यांच्या पोरांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या शिष्यवृत्तीवर आमचा हा साहेब शिकला, मीही शिकलो. ती काही आम्हाला गप्प बसायला मिळाली नव्हती.

आणि आपली मंडळं? जयंतीला डीजेच्या भिंती. ठीक आहे, वर्षातून एक दिवस छाती फुगवून रस्त्यावर नाचायचा हक्क आपण झगडून मिळवलाय. पण १४ एप्रिलला कातकऱ्याची पोरं कुठं असतात ते ठाऊक आहे का? भट्टीवर. आपली जयंती ती पोरं विटा वाहत काढतात. मिरवणूक त्यांच्या भट्टीवरून जाते तरी थांबत नाही. आपण जर त्यांच्याकडं न बघता पुढं गेलो, तर आपल्यात आणि ‘भट्टीला गेलाय’ म्हणून हसणाऱ्या वर्गात फरक काय?

डोंगरावरच्यांना विसरण्याची किंमत खालापूर तालुक्यानं बघितलीय. १९ जुलै २०२३ची रात्र. इरशाळगडाखालच्या इरशाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. २७ देह सापडले, ५७ माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. शिकायला आश्रमशाळेत असलेली पोरं वाचली आणि पोरकी झाली. तिथं जायला धड रस्ता नव्हता, यंत्रं वर चढेनात, माणसं हातानं माती उपसत होती. एक्सप्रेस-वे तिथून कितीसा लांब? आणि त्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ला, सरकारचा कागद निघाला : वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचे प्रस्ताव द्या. वीसपेक्षा कमी पट कुठं असतो? वाडीवर, पाड्यावर. पट कमी का होतो? दिवाळीनंतर पोरं भट्टीला जातात म्हणून. म्हणजे आधी पोर हाकलायचं, मग पोर नाही म्हणून शाळा हाकलायची. त्याआधी डिसेंबर २०२०ला वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय झाला. पाट्या बदलल्या, चांगलं झालं. पण पत्ता विचारला की सांगणारा अजून जुनंच नाव सांगतो. पाटी रंगवायला एक दिवस लागतो. माणूस घडवायची जागा शाळा, तीच उचलून न्यायला निघालेत.

म्हणून शेवटी कामाचं सांगतो.

एक. आपापल्या शाळेचा पट मिळवा. पाचवीला किती होते, पाच वर्षांनी दहावीला किती उरले. मुख्याध्यापक देत नसतील तर २००५चा माहिती अधिकार आहे. मधली वजाबाकी करा आणि ती बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहा. १२ मार्च १९२७चं ते गणित आहे. दर वर्षी १२ मार्चला सोडवा, मग २० मार्चला महाडला चला.

दोन. दिवाळीच्या आधी वाडीवर जा. मागाहून गेलात तर कुलूप भेटेल. कोण भट्टीला जाणार ते विचारा. पोरांना ठेवायला हंगामी वसतिगृह मागा. घरच्यांबरोबर जाणाऱ्या पोराच्या हातात शाळेकडून शिक्षण हमी कार्ड द्यायला लावा आणि भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसवा. तिथल्या सरांनी दाखला मागितला तर सांगा, २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.

तीन. जातीच्या दाखल्याला माणूस द्या. प्रत्येक शाखेत एकजण तरी असा हवा की ज्याला १९५०च्या आधीचा जन्म-मृत्यूचा उतारा, जुना फेरफार कुठं शोधायचा हे येतं. भाषणं करणारे पुष्कळ आहेत. प्रांताच्या कचेरीत तीन तास बाकावर बसणारा हवा.

चार. गळालेल्यांच्या आठवणी लिहून घ्या. हमालाच्या, वॉचमनच्या, टोपलीवालीच्या. त्यांना ‘शिकून मोठं व्हायचं होतं का’ असले रडके सवाल विचारू नका. विचारा, ‘शेवटच्या दिवशी शाळेत काय झालं होतं? कोण काय बोललं होतं?’ त्यांना तारीखवार आठवतं. जशी बोलतील तशी लिहा. ‘नाय’ असेल तिथं ‘नाय’च राहू द्या.

ही आपली स्मरणिका. अठरांची त्यांना काढू द्या, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसह. ब्याऐंशींची आपण काढू, याच खरबरीत कागदावर. शाई मी देतो. स्टेन्सिल कापायला हात हवेत. येत्या दिवाळीच्या आधीचे दोन रविवार वाडीसाठी मोकळे ठेवा आणि कोण कुठल्या वाडीवर जाणार ते कळवा.

जयभीम.